सापाचे छायाचित्र आणि चौकटीबाहेरचा हात

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत सापांची विविधता मोठी असण्याचे कारण तेथील भूरचनेत आहे. पश्चिमेकडे भातखाचरे, गवताळ माळ आणि साग-ऐनाचे पानगळीचे जंगल, पूर्वेकडे सह्याद्रीची भिंत, आणि या दोहोंच्या सांध्यावर, रेल्वेच्या खर्डी व कसारा स्थानकांदरम्यान असलेल्या उंबरमाळीसारख्या गावांत, दोन्हीकडचे साप एकाच पावसात भेटू शकतात. बांधावर नाग, धामण आणि दिवड, तापलेल्या दगडगोट्यांत फुरसे, करवंदीच्या जाळीत हरणटोळ, ओढ्याकाठच्या बांबूत हिरवा चापडा, आणि उंदीर-पालींच्या मागे घरात शिरणारे मण्यार व कवड्या अशी ही वस्ती आहे. मुंबईहून लोकलने गाठता येणारे हे रान असल्यामुळे सापांच्या छायाचित्रकारांना ते सोयीचे पडते. दिवाळी अंकाचे संपादक या विषयावर लेख मागवताना सोबत फणा काढलेल्या नागाचे एखादे ‘जिवंत’ छायाचित्र आवर्जून मागतात. विवेचनाची सुरुवात या मागणीपासूनच करणे योग्य होईल.

नागाचा फणा म्हणजे मानेच्या लांबट बरगड्या पसरून ताणलेली कातडी असून ती संकटाच्या वेळची बचावाची मुद्रा आहे. स्वस्थ फिरणारा नाग फणा काढत नाही आणि घाईने पाहणाऱ्याला तो धामणीसारखाच दिसतो. त्यामुळे फण्याच्या छायाचित्रातून पहिली माहिती मिळते ती सापासमोर हातभर अंतरावर कोणीतरी उभे होते एवढीच. रानात साप दिसतो तो बहुधा अर्धवट, गवतातून सरकणारी पाठ किंवा बिळात शिरणारी शेपटी एवढाच, आणि असे छायाचित्र कोणत्याही मुखपृष्ठावर छापले जात नाही.

ही अडचण काही अंशी प्रकाशशास्त्राची आहे. लहान वस्तू मोठी दाखवणाऱ्या मॅक्रो भिंगाने सापाचे डोके चौकटभर घ्यायचे झाल्यास तीक्ष्ण दिसणाऱ्या भागाची खोली, भिंगाचे छिद्र एफ ११ पर्यंत लहान केले तरी, काही मिलिमीटरच उरते, म्हणून डोळा स्पष्ट आणि नाकाचे टोक धूसर असा प्रकार घडतो. सापाला पापण्या नसतात; डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि त्यावर फ्लॅशचा ठिपका उमटतो, शिवाय कात टाकण्यापूर्वी हाच खवला दुधाळ-निळा होत असल्याने त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही व तो अधिक बिथरलेला असतो. शंभर मिलिमीटरच्या मॅक्रो भिंगाने वस्तू तिच्या मूळ आकारात टिपताना भिंगाचे टोक वीतभरापेक्षाही जवळ न्यावे लागते, तर साप साधारणपणे आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत झेप घेऊ शकतो. या दोन आकड्यांचा मेळ बसत नाही, आणि तो बसवण्याचा सोपा उपाय म्हणजे सापाला हलता न येईल असे करणे.

येथे या क्षेत्रातील जुना आणि अद्याप न मिटलेला वाद उभा राहतो. साप हा बाह्य उष्णतेवर अवलंबून असणारा प्राणी असल्याने त्याचे स्नायू आणि मज्जातंतू ठरावीक तापमानातच नीट काम करतात. हे ओळखून काही जण पकडलेला साप थंड पेटीत ठेवतात आणि तो सुस्त झाला की शेवाळलेल्या फांदीवर मांडून त्याचे छायाचित्र घेतात. अशा सापाला ‘शांत’ म्हणणे चुकीचे आहे, कारण तो शांत झालेला नसून असमर्थ झालेला असतो. नुकतेच भक्ष्य गिळलेला साप असेल तर थंडीने पचन थांबते आणि हाताळणीने तो भक्ष्य ओकून टाकतो, म्हणजे कित्येक दिवसांची कमाई एका चित्रापायी जाते. दुसरी पद्धत सापावर काही मिनिटे झाकण ठेवण्याची असून, अंधारात त्याने वेटोळे केले की झाकण उचलून पहिल्या काही क्षणांत छायाचित्र घेतले जाते. ही पद्धत सौम्य आहे असा युक्तिवाद केला जातो आणि तुलनेने तो खराही आहे. परंतु तिच्यातून निघालेले वेटोळे नैसर्गिक विश्रांतीचे म्हणून छापले जाते तेव्हा वाचकाची फसवणूक पहिल्या पद्धतीइतकीच होते. हिरवा चापडा रात्र-रात्र एकाच फांदीवर भक्ष्याची वाट पाहत बसतो. त्याला पार्श्वभूमी चांगली मिळावी म्हणून दुसऱ्या फांदीवर नेणाऱ्यास निसर्गप्रेमी म्हणण्याची प्रथा कोणी पाडली, हे कळत नाही.

तथापि साप हाती धरून छायाचित्र घेणे सर्वस्वी गैर आहे, अशी टोकाची भूमिकाही टिकत नाही. सापाची जात निश्चित करताना डोक्यावरील, गालावरील, पोटाखालील आणि शेपटीखालील खवले मोजावे लागतात, आणि जतन केलेल्या नमुन्यातील रंग कालांतराने बदलतो; हरणटोळाचा हिरवा रंग मद्यार्कात निळसर पडतो, कारण त्यातील पिवळे रंगद्रव्य विरघळून जाते. कोयनेतील नमुन्यांवरून २०१९ मध्ये वर्णिलेला बोइगा ठाकरेयी हा मांजऱ्या साप किंवा २०२० मध्ये उत्तर सह्याद्रीतील हरणटोळाला मिळालेली स्वतंत्र जातीची ओळख यांसारख्या कामांत जिवंत सापाच्या छायाचित्रांचे मोल मोठे असते. रोम्युलस व्हिटेकर आणि अशोक कॅप्टन यांच्या २००४ मधील क्षेत्रपुस्तिकेने छायाचित्र आणि खवले एकत्र पाहण्याची सवय भारतीय अभ्यासकांना लावली. अशा कामासाठी परवाना घेतलेला असतो आणि साप हाताळला हे लिहिले जाते. भेद एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

बंदिवासातील सापांविषयी थोडक्यात सांगता येईल. नीलिमकुमार खैरे यांनी पुढाकार घेऊन उभारलेल्या पुण्याच्या सर्पोद्यानात काचेला भिंग टेकवून व भोवती काळे कापड धरून उत्तम छायाचित्र मिळते आणि त्यात लाजण्याजोगे काही नाही. लाज वाटावी ती तेच चित्र ‘माळशेज, जुलै’ अशा ओळीसह स्पर्धेत पाठवले जाते तेव्हा. जाणकाराला ते बहुधा ओळखता येते, कारण जाळीवर सतत नाक घासल्याने तुंडावरचा खवला झिजलेला असतो आणि कोरड्या हवेत कात नीट न सुटल्यामुळे डोळ्यावर जुन्या खवल्याचा पापुद्रा राहिलेला असतो.

कायद्याविषयीचे अज्ञान मात्र थक्क करणारे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत पकडणे, सापळ्यात अडकवणे आणि हुसकावणे यांचाही समावेश होतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीने अभयारण्यातील छायाचित्रणाला अधिवासात बदल न करण्याची व वन्यजीवांवर विपरीत परिणाम न होऊ देण्याची अट जोडली आहे. तानसा अभयारण्याची हद्द शहापूर तालुक्यातच आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. घरात निघालेला साप पकडणाऱ्या सर्पमित्रांचे उपकार पाड्यापाड्यांवर आहेत, त्यांच्याविषयी अनादर नाही. परंतु पिशवीतून काढलेल्या सापाची सोडण्यापूर्वी चाललेली तासाभराची छायाचित्रे आणि नंतर त्याला दूरच्या ‘चांगल्या जंगलात’ सोडणे, या दोन्ही गोष्टी त्याच्या हिताच्या नाहीत. अमेरिकेतील रॅटलस्नेकवर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अनोळखी जागी सोडलेल्या सापांपैकी निम्म्याहून अधिक मेले, तर मूळ रहिवाशांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे एक नवमांश होते.

छायाचित्रावरून सापाची ओळख पटवण्याविषयीचा लोकांचा आत्मविश्वासही तितकाच धोक्याचा आहे. मण्यारीच्या अंगावरील पांढरे पट्टे मानेच्या बरेच मागे सुरू होऊन शेपटीकडे ठळक होतात, तर कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीच्या कण्यावर मोठ्या षट्कोनी खवल्यांची ओळ असते, शिवाय नाकपुडीचा आणि डोळ्यापुढचा खवला यांच्या मध्ये असणारा गालखवला तिला नसतो. हे सारे मोबाइलच्या हललेल्या चित्रात दिसत नाही. दंश झाल्यावर सापाचे छायाचित्र मिळवण्यासाठी विजेरी घेऊन पेंढ्याची गंजी उपसत बसणे तर आत्मघातकी आहे, कारण आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रच चालते आणि डॉक्टर लक्षणांवरून व वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीवरून निर्णय घेतात. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेकांना साप कोणता होता यापेक्षा रुग्णालय लवकर गाठणे अधिक गरजेचे होते.

सर्वांत कमी मांडणी केलेले, म्हणून अभ्यासाला फार उपयोगी पडणारे छायाचित्र रस्त्यावर चिरडलेल्या सापाचे असते. मुंबई–नाशिक महामार्ग, घाटरस्ते आणि जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे या टप्प्यासह खुला झालेला समृद्धी महामार्ग यांमुळे या तालुक्यांत अशा नोंदींना तोटा पडू नये. डोके वरून आणि बाजूने, पोट, शेपटीची खालची बाजू, शेजारी मोजपट्टी, तारीख आणि किलोमीटरचा दगड एवढे टिपले तरी जातीचा प्रसार, हालचालीचा हंगाम आणि क्वचित पोटातील भक्ष्यही कळते. स्पर्धांत असे चित्र क्वचितच स्वीकारले जाते. वाहने थांबलेली असताना आणि काठीने साप उलटा करूनच ते घ्यावे, कारण विषारी सापाचे तुटलेले डोकेसुद्धा मेल्यानंतर काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते.