ड्राइव्ह कमी कर

माझ्या हिरव्या पेडलवर तीनच नॉब आहेत: ड्राइव्ह, टोन आणि लेव्हल. दोन वर्षं मी त्यातला एकच वापरला. ड्राइव्ह उजवीकडे जाईल तेवढा न्यायचा, बाकीचे दोन मधोमध. खोलीचं दार लावून छोट्या ॲम्पवर वाजवताना ते भारी वाटायचं.

मग कॉलेजच्या गॅदरिंगला आमचा बँड वाजला आणि कुणीतरी फोनवर काढलेला व्हिडिओ मी पाहिला. ड्रम ऐकू येत होते, बेस ऐकू येत होता, गाणारी ऐकू येत होती. माझ्या सोलोच्या जागी शेजारच्या स्वयंपाकघरात मिक्सर लावल्यासारखी घरघर होती. मी साउंडवाल्याला शिव्या घातल्या. दोन दिवसांनी आमचा बेसवाला, शाळेपासूनचा मित्र, म्हणाला, "अजून एक गिटारिस्ट घेऊ या का? तुला सपोर्ट म्हणून." सपोर्ट म्हणजे काय, ते मला कळलं.

त्या रात्री मी पहिल्यांदा शोधलं की हे पेडल करतं काय. माझं पेडल म्हणजे इबानेझच्या ट्यूब स्क्रीमरची स्वस्त नक्कल. मूळ सर्किट 1970 च्या दशकाच्या शेवटचं, जपानी. त्यात सिग्नल वाढवला जात असतानाच दोन डायोड त्याची शिखरं दाबतात. ड्राइव्ह वाढवला की सिग्नल आणखी वाढतो, पण शिखरं दबलेलीच राहतात. म्हणजे एका मर्यादेनंतर आवाज फारसा मोठा होत नाही, फक्त सपाट होतो. हळू आणि जोरात मारलेल्या स्वरांत फरक उरत नाही. तारेवर पिक आदळल्याचा जो 'टक्' असतो, तोही बुजतो. बँडच्या गर्दीत गिटार ओळखू येते ती बरीचशी त्या 'टक्'वर.

दुसरी गोष्ट वाचून मी हिशेब परत केला. मूळ सर्किटमध्ये ड्राइव्ह शून्यावर असला तरी सिग्नल जवळपास 12 पट वाढतो. पूर्ण फिरवला तर जवळपास 118 पट. म्हणजे शून्य म्हणजे बंद नव्हे. मोठा आवाज हवा असेल तर त्याचं काम लेव्हल करतो.

टेक्ससचा स्टीव्ही रे व्हॉन हेच पेडल मोठ्याने लावलेल्या ट्यूब ॲम्पच्या पुढे ठेवायचा. तिथे पेडलने ॲम्पला ढकलायचं आणि फाटायचं काम ॲम्पने करायचं. आमच्या जॅमरूमचा ॲम्प ट्यूबवाला नाही, त्यामुळे नुसता लेव्हल वाढवून तो तसा फाटणार नाही. थोडा ड्राइव्ह लागणारच.

हे पेडल एकट्याने वाजवताना नाकात बोलल्यासारखं का वाटतं, तेही तेव्हाच कळलं. साधारण 720 हर्ट्झच्या खालचा भाग ते कमी वाढवतं. घरी वाटतं, खर्ज गेला. बँडमध्ये ती जागा बेसची आणि किक ड्रमची असते, आणि गिटार त्यांच्या वरून ऐकू येते.

पुढच्या प्रॅक्टिसला मी नॉब घड्याळाच्या काट्यांसारखे लावले. ड्राइव्ह नऊवर. लेव्हल आधी बारावर, मग पेडल चालू-बंद करत हळूहळू दोनपर्यंत, चालू केल्यावर गिटार एक पाऊल पुढे येईल इतका. टोन शेवटी, सगळे वाजवत असताना: झांजा टोचायला लागल्या तिथून थोडा मागे, अकराच्या आसपास. गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला की पेडल चालू असूनही आवाज बराच स्वच्छ व्हायचा. कडव्याला सात, सोलोला दहा.

गाणं सुरू झालं. मला स्वतःचा प्रत्येक स्वर ऐकू येत होता, आणि ते काही सुखाचं नव्हतं. कॉर्ड बदलताना तारांवर बोटं घासत होती. ताल दोनदा सुटला. इतके दिवस हे सगळं त्या घरघरीखाली झाकलेलं होतं.

बेसवाल्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मला वाटलं, आता तो दुसऱ्या गिटारिस्टचं नाव काढणार.

"एफ वाजवताना तुझी दुसरी तार दबत नाहीये," तो म्हणाला.

दोन वर्षं ती दबत नव्हती. कुणाला तरी ते पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

"परत घेऊ," मी म्हणालो.