शिशिरांतील दल सरोवर

काश्मीरचीं वर्णनें बहुधा वसंतांतील फुलें व शरदांतील चिनार यांवरच थांबतात. परंतु शिशिरांतील दल सरोवरहि पाहण्याजोगें आहे. २१ डिसेंबरपासून ३० जानेवारीपर्यंतच्या चाळीस दिवसांस तेथील लोक ‘चिल्लई कलान’, म्हणजे थोरली थंडी, म्हणतात. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फूट उंच. या दिवसांत रात्रीं पारा शून्याखालीं उतरतो. अशा वेळीं वृद्ध मातापितरें व मुलें यांसह जलविहारास निघणाऱ्या गृहस्थानें ऊब कशी राखावी, याचा विचार घाटावर पाय ठेवण्यापूर्वींच करावा.

काश्मिरी माणसाचें उत्तर तयार असतें, तें म्हणजे कांगडी. विणलेल्या टोपलींत बसविलेलें मातीचें भांडें, त्यांत राखेखालीं धुमसणारे कोळसे, आणि तें सर्व ढगळ फिरनाच्या आंत! ही युक्ति पाहून आम्हांस कौतुक वाटलें. पण ती लहानपणापासूनच्या संवयीची विद्या आहे. तिच्या नित्याच्या शेकानें पोट व मांड्या यांच्या त्वचेस होणाऱ्या कर्करोगाविषयीं डॉ. एल्म्स्ली यांनीं १८६६ सालींच लिहिलें होतें. एका दिवसाच्या पाहुण्यास भय निराळें. शिकारा अरुंद, लांकडी, गाद्यागिरद्यांनीं भरलेला. कोणी उठला कीं तो डोलतो, आणि निखारे रजईवर सांडावयास तेवढें पुरतें.

दुसरें भय याहून सूक्ष्म आहे. कालिदासानें ‘ऋतुसंहारां’त शिशिराचीं सुखें सांगतांना बंद गवाक्षें, अग्नि, सूर्यकिरण व जाड वस्त्रें हीं एकत्र आणिलीं आहेत. यांपैकीं पहिल्या दोहोंची जोडी नौकेंत घातक होय. कोळशांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग, ना गंध. तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. डोकें जड होतें, गुंगी येते आणि तीच अखेरची निद्रा ठरूं शकते. म्हणून शिकाऱ्याचे पडदे सोडून आंत कांगडी ठेवणें सर्वथा वर्ज्य.

हाउसबोटींत बुखारी, म्हणजे पत्र्याची शेगडी, असते व तिचा धूर नळीनें छपराबाहेर जातो. ही सोय उत्तम. तथापि नळीचे सांधे घट्ट आहेत ना हें पाहावें, एक खिडकी किंचित् उघडी ठेवावी व निजण्यापूर्वीं बुखारी विझवावी.

शिकाऱ्यांत मात्र अग्नीपेक्षां वस्त्र श्रेष्ठ. शरीर हीच मूळ शेगडी. तिची उष्णता जाऊं न देणें एवढेंच आपलें काम. तळाच्या फळ्या खालून गारवा देतात, यास्तव एक घोंगडी पांघरावयाची तर एक खालीं अंथरावी. कान व गळा झांकावा. पाणी उष्णता पुष्कळ सांठवितें व सावकाश सोडतें, म्हणून गरम पाण्याची रबरी पिशवी कापडांत गुंडाळून पायांशीं ठेवावी. मधुमेहानें ज्यांचे पाय बधिर झाले आहेत, त्यांच्या अंगास मात्र ती लावूं नये. लाइफ जॅकेट सर्व कपड्यांच्या वर घालावें, आणि घोंगडी अंगाभोंवतीं कधींहि बांधूं नये. प्रसंगीं ती तत्काळ टाकतां आली पाहिजे.

पहांटेचा हट्टहि नको. धुकें विरून ऊन पाण्यावर उतरल्यानंतर निघावें आणि परतल्यावर केशर-वेलचीचा ऊन ऊन कहवा घ्यावा. कवीच्या चार सुखांपैकीं सूर्यकिरण व जाड वस्त्रें हीं दोन शिकाऱ्यास पुरेशीं आहेत. अग्नि धुराड्याच्या घरींच शोभतो.