खेळ वेगळा, जुगार वेगळा

ढोकीत आमची पिढी व्हिडिओ गेम शिकली ती टीव्हीला जोडलेल्या कॅसेटवर. ‘कॉन्ट्रा’त दोघे दोस्त शेजारी बसून लढायचे. हरलो तर पुन्हा पहिल्यापासून. खिशाला चाट नाही. उर्दू शाळेत शिक्षक झालो तरी ते वेड सुटले नाही. म्हणूनच पालक सगळ्याच गेमला ‘जुआ’ म्हणतात, ते आम्हाला पटत नाही. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळणारा बाप घरचा किराणा हरतो, जुगार तो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यानेही पैशांच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. हा फरक घराघरांत कळायला हवा. मुलाचा मोबाइल हिसकावण्याआधी घटकाभर त्याच्या शेजारी बसा. तो खेळतोय की पैसे लावतोय, एवढे तरी पाहा.