चकतीचा ताळेबंद

मोटारींच्या मुख्य जाती दोन. एकीला क्लचचं पायडल असतं, दुसरीला नसतं. पहिलीत माणसाचा डावा पाय नोकरीत असतो, दुसरीत तो पेन्शनर होऊन बसतो. या भेदाचं महत्त्व ज्याला पटत नसेल त्याने संध्याकाळी सहा वाजता कापूरबावडीहून गायमुखाकडे निघावं. मानपाडा येईपर्यंत त्याला डावा पाय आहे याची जाणीव होते, पातलीपाड्याला तो पाय आपला नसावा अशी इच्छा होते, आणि वाघबीळला ती इच्छा जवळजवळ पूर्ण होते. इथल्या बंदरात पूर्वी घोड्यांचा व्यापार चाले म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. ते घोडे या रस्त्याने ठाण्याला येत असतील तर आमच्यापेक्षा नक्की लवकर पोचत असतील.

आमच्याकडे दुसऱ्या जातीची गाडी आहे, पण ती हौसेची नाही. हिच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. उजवा पाय मात्र ठणठणीत आहे, आणि जीभही. शाळेत गणित शिकवायला ती रोज स्वतः गाडी चालवत जाते. "तुम्ही सोडायला येऊ नका, मला वेळेवर पोचायचं असतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. गाडी 1990 च्या दशकाच्या अखेरची. कंपनीचं नाव सांगत नाही. खातेदाराचं नाव आणि शिल्लक बाहेर सांगायची नाही ही बँकेतली सवय आहे. 2014 साली सेलेरिओ आल्यापासून बिनक्लचच्या गाड्या जरा आवाक्यात आल्या हे खरं. (त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत क्लच असतोच, फक्त तो दाबायला पायाऐवजी यंत्र नेमलेलं असतं.) पण 'आवाक्यात' म्हणजे कर्जाच्या आवाक्यात, आणि कर्जाचे फॉर्म दिवसभर दुसऱ्यांना भरून देणाऱ्या माणसाला ते स्वतःसाठी भरवत नाहीत. हलवायालासुद्धा पेढा नकोसा होतो तसं.

तर ही गाडी एका सोमवारी खडखडू लागली. डब्यात सुपाऱ्या घालून कुणी हलवावा तसा आवाज. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, डोळे मिटले आणि आजारी माणसाच्या नातेवाइकांशी डॉक्टर बोलतात त्या आवाजात म्हणाला, "इंजिन गेलं. साठ हजार. नाहीतर भंगारात द्या."

ही त्या रात्री काही बोलली नाही. आमच्या घरात ही घटना साठ हजारांहून गंभीर. सकाळी मात्र शांतपणे विचारलं, "अहो, शाळेच्या बसला पायऱ्या किती असतात?" पायऱ्या तीनच असतील, पण त्या तीन पायऱ्यांचं गणित मला रिक्षाने कामावर जाताना सबंध रस्ताभर सुटलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर तात्या राहतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि टोक चालू इंजिनाला निरनिराळ्या जागी टेकवलं. इंजिनाच्या पोटाशी टेकवलं तेव्हा मान हलवली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे टेकवलं तेव्हा मूठ झटकन कानापासून लांब केली. मग खालचं छोटं पत्र्याचं झाकण काढून बॅटरी मारली. आत तांबूस भुकटी साचली होती.

"साहेब, इंजिन धडधाकट आहे. चकती चिरलीय."

ही चकती म्हणजे फ्लेक्सप्लेट. क्लचच्या गाडीत इंजिनाच्या दांड्यावर जाडजूड फ्लायव्हील असतं. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी पातळ पोलादी पत्र्याची ताटली असते. तिच्या कडेला दाते असतात, त्यांत स्टार्टर अडकतो. मधल्या भोकांनी ती इंजिनाला बांधलेली, बाहेरच्या भोकांनी टॉर्क कन्व्हर्टरला. कन्व्हर्टर म्हणजे तेलाने भरलेला भोपळा; जर्मनीच्या हेर्मान फ्यॉटिंगरने 1905 साली तो शोधून काढला तो जहाजांसाठी, घोडबंदर रोडची त्याला कल्पना नव्हती. हा भोपळा दाबाने आणि उष्णतेने किंचित फुगतो, म्हणून चकतीला थोडं लवता यावं लागतं. थोडक्यात, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये वाकून दोघांना सांभाळणारी ती हेडक्लार्क. ती चिरली की कटकट ऐकू येते, आणि लोक साहेबालाच मोडीत काढतात.

चकती स्वस्त, पण तिच्यापर्यंत पोचायला सबंध गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. "इथेच करू," तात्या म्हणाले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंग हे पार्किंगसाठी असतं असा सिद्धांत मांडला. ही काठी टेकत खाली आली आणि म्हणाली, "बरोबर आहे. गाडी दुरुस्त झाली नाही तर ती कायमची पार्कच राहील." सेक्रेटरींनी शनिवार-रविवार दिला.

चकती आणायला मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो. मेलेल्या मोटारींचे अवयव तिथे मिळतात. तात्यांनी जुनी चकती नसताना घ्यायची नाही म्हणून बजावलं होतं, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी गिअरबॉक्स उतरल्यावर जुनी पिशवीत घालून गेलो. दाते मोजले, भोकांवर भोकं ठेवून पाहिली. मग दोरीला टांगून पान्याने वाजवली. जुनी बदकन वाजली, ही खणखणीत. पूर्वी कॅशियर चांदीचा रुपया फरशीवर वाजवून घेत, तोच कायदा. घरी आल्यावर तात्यांनी तिला रॉकेल पुसून वर खडू फासला. चीर असती तर तिथून रॉकेल पाझरून खडूवर रेघ उमटली असती. उमटली नाही. दोन हजार आठशे रुपये.

उतरवण्याचं वर्णन मी थोडक्यात करतो, कारण माझ्याकडे बॅटरी धरण्याचं खातं होतं. गाडी घोड्यांवर चढवली. (जॅकनंतर खाली लावतात त्या लोखंडी तिवईला घोडी म्हणतात; म्हणजे घोडबंदरला घोडी अजून आहेत.) इंजिन वरून साखळीने टांगलं, एक्सल काढले, आणि गव्हाच्या पोत्याएवढा गिअरबॉक्स तात्या, त्यांचा पुतण्या आणि वॉचमन यांनी खाली घेतला. मी प्रत्येक बोल्ट पाकिटात घालून वर नाव, जागा आणि संख्या लिहीत होतो. "साहेब, आता सह्यापण घ्या," पुतण्या म्हणाला.

पण त्या पाकिटांनीच एक फरक दाखवला. इंजिन आणि गिअरबॉक्स नेमके समोरासमोर बसावेत म्हणून दोन खुंट्या असतात. भोकं दोन, खुंटी एक. पूर्वी कुणीतरी गिअरबॉक्स खोलला असावा आणि दुसरी तिकडेच राहिली असावी. तात्या बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिले. "म्हणून चिरली. दोघं जरासे तिरके बसले, की प्रत्येक फेऱ्याला चकती वाकते." मी तिथल्या तिथे हिशेब केला: गाडी उभी असतानाही इंजिन मिनिटाला आठशे फेरे मारतं, म्हणजे गायमुखाच्या एका तासाच्या खोळंब्यात अठ्ठेचाळीस हजार वेळा वाकणं. बावीस वर्षं काउंटरवर काढलेल्या माणसाला त्या चकतीबद्दल आपुलकी वाटली. नवी खुंटी बसली नसती तर नवी चकतीही त्याच वाटेने गेली असती.

रविवारी जुळणी. कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्सात पूर्ण बसवायचा, फिरवत दाबत, खट, खट, खट असा आत उतरेपर्यंत. तो अर्धवट राहिला आणि वरून बोल्ट आवळले तर आतला तेलाचा पंप फुटतो. तात्यांनी पट्टी लावून खोली मोजली, मला परत मोजायला लावली, मग हिला. चकतीचे बोल्ट समोरासमोरचे, टॉर्क पान्याने, टप्प्याटप्प्याने. रात्री आठला सगळी पाकिटं रिकामी झाली. एकही बोल्ट उरला नाही. बँकेत वर्षअखेरीला पहिल्या फटक्यात ताळा जुळल्यावर होतो तसा आनंद मला झाला, आणि तिथल्यासारखाच तो कुणाला सांगता येईना.

तात्यांनी किल्ली माझ्यापुढे न करता हिच्यापुढे केली. "सूनबाई, तुम्ही."

गाडी सुरू झाली. आम्ही सगळे सुपाऱ्यांचा आवाज ऐकायला वाकलो, सुपाऱ्या नव्हत्या. तेल तापू दिलं, पातळी पाहिली, थोडं घातलं. हिने काठी मागच्या सीटवर टाकली, काच खाली केली आणि मला म्हणाली, "वाघबीळपर्यंत जाऊन येते. तुम्ही पार्किंग पुसून घ्या, सेक्रेटरी बघताहेत."

ती पाऊण तासाने आली. मला वाटलं चकती गेली. पण नाही, ट्रॅफिक होता.