परवाना आणि पत

व्यापाऱ्याला परवाना सरकार देते. पत मात्र समाज देतो. या दोहोंतील अंतर मला अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात जितके स्पष्ट दिसले, तितके भुसार बाजारातील चाळीस वर्षांतही दिसले नव्हते. माझा धाकटा भाऊ तेथे तुलसा शहराजवळ स्थायिक झालेला आहे. 2019 च्या उन्हाळ्यात त्याच्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला.

ओक्लाहोमा हे जुन्या वळणाचे राज्य. 1907 मध्ये ते अस्तित्वात आले तेच दारूबंदीसह, आणि ती बंदी 1959 पर्यंत टिकली. रविवारी चर्चच्या आवारात गाडी लावण्यास जागा मिळत नाही. राज्यात 77 काउंट्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यांसारखे विभाग आहेत. 2004 पासूनच्या प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत त्या सर्वच्या सर्व रिपब्लिकन पक्षाच्या बाजूने उभ्या राहिल्या आहेत. अशा राज्याने 26 जून 2018 रोजी सार्वमत घेऊन औषधी गांजाला संमती दिली. डॉक्टरांची संघटना, शेरीफ आणि व्यापारी मंडळे विरोधात असूनही सुमारे 57 टक्के मते बाजूने पडली.

हे मन एका रात्रीत पालटलेले नव्हते. 2015 मध्ये अपस्माराने पीडित मुलांपुरती, नशा न आणणाऱ्या गांजाच्या तेलास मुभा मिळाली होती. 2016 मध्ये स्वतःजवळ अल्प प्रमाणात अमली पदार्थ बाळगण्याच्या गुन्ह्याचे गांभीर्य लोकांनीच मतदानाने कमी केले. शिवाय डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने अनेक घरे पोळली होती. मी तेथे असताना अशा गोळ्यांच्या एका मोठ्या उत्पादकाविरुद्ध राज्याने भरलेला खटला नॉर्मन येथील न्यायालयात चालू होता. भावाच्या शेजारी एक वृद्ध निवृत्त शिक्षिका राहत. संधिवाताने त्यांची बोटे वाकली होती. चर्चची एकही प्रार्थना न चुकविणाऱ्या त्या बाईंच्या पर्समध्ये औषधी गांजाचे कार्ड होते. “पूर्वी मी अशा माणसांसाठी प्रार्थना करीत असे, आता त्यांच्याच रांगेत उभी राहते,” असे त्या हसून म्हणाल्या. समाजाचे मत व्याख्यानांपेक्षा अशा ओळखीच्या चेहऱ्यांमुळे अधिक बदलते.

पण करुणेने उघडलेल्या दारातून बाजार आत शिरला. कोणत्या व्याधींसाठी गांजा द्यावा याची यादी कायद्यात नव्हती. डॉक्टरांची शिफारस पुरेशी होती. दुकानाच्या परवान्याचे शुल्क अवघे 2,500 डॉलर, आणि दुकानांच्या संख्येला मर्यादा नाही. ओस पडलेल्या गाळ्यांवर हिरव्या फुलीच्या पाट्या झळकू लागल्या.

भावाच्या मालकीचे चार गाळे आहेत. त्यांपैकी एक आठ महिने रिकामा होता आणि बँकेचा हप्ता थांबत नव्हता. अशा वेळी गांजाचे दुकान काढू पाहणारा एक गृहस्थ आला. चालू दराच्या दीडपट भाडे आणि वर्षभराची रक्कम आगाऊ रोख, असा त्याचा प्रस्ताव होता.

त्या रात्री जेवणानंतर घरात चर्चा झाली. भावजय म्हणाली, “पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य सांगितले आहे. आपण विकत नसलो, तरी छप्पर आपलेच ना?” पुतण्याला हे पटेना. “काका, शेजारच्या आजींना हेच औषध लागते. त्यांना आपण नमस्कार करायचा आणि त्यांच्या दुकानदाराला दार बंद करायचे, हा कुठला न्याय? आणि भारतात तरी काय आहे? 1985 च्या कायद्यात त्याच झाडाचा फुलोरा गांजा ठरतो, नुसती पाने नाहीत. म्हणून तर काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने चालतात.”

मुलाचा मुद्दा पोकळ नव्हता. भावाने मात्र वही पुढे ओढली. राज्याचा परवाना असला तरी केंद्रीय कायद्यात तो व्यवहार गुन्हाच होता, म्हणून बहुतेक बँका असे खाते उघडीत नसत. आयकरात अशा दुकानाला मालाची खरेदी किंमत तेवढी वजा मिळे; भाडे, पगार, वीज यांची वजावट नाही. असा भाडेकरू किती वर्षे टिकणार? त्याहून मोठी गोष्ट नागरिकत्वाची होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केले होते की, राज्याने परवानगी दिलेली असली तरी गांजाच्या व्यवहारातील सहभाग अर्जदाराच्या सचोटीच्या आड येऊ शकतो. भावाचा अर्ज तेव्हा विचाराधीन होता. गाळा अखेर चार महिन्यांनी एका चष्मेवाल्याला गेला, तोही कमी भाड्याने. पुतण्या आजही म्हणतो की घराने भीतीपोटी नकार दिला आणि त्याला धर्माचे नाव दिले. भावजय म्हणते, कारण कोणतेही असो, वाचलो.

पुढे राज्यात दोन हजारांहून अधिक दुकाने आणि आठ हजारांहून अधिक लागवडी झाल्या. दर दहा माणसांमागे जवळजवळ एकाकडे कार्ड आले. ऑगस्ट 2022 मध्ये सरकारला नवे व्यापारी परवाने थांबवावे लागले. त्याच नोव्हेंबरात किंगफिशर काउंटीतील एका लागवडीवर चौघांची हत्या झाली. मग 7 मार्च 2023 रोजी प्रश्न आला: एकवीस वर्षांवरील कोणालाही मौजेसाठी गांजा विकू द्यावा काय? सुमारे 62 टक्के लोकांनी नकार दिला, आणि तोही एकूण एक 77 काउंट्यांत.

काही जण याला जुन्या विचारांचे पुनरागमन म्हणतात. मला तसे वाटत नाही. औषधी गांजाचा कायदा कायमच राहिला. आजारी माणसाविषयीची करुणा कोणी मागे घेतली नाही. लोकांनी नाकारली ती बाजाराची हाव. पाच वर्षांपूर्वी मिळालेला विश्वास ज्यांनी जपायचा, त्यांतील अनेकांनी तो घाईने खर्चून टाकला, आणि त्याची किंमत प्रामाणिक दुकानदारांनाही मोजावी लागली.

आपली मुले आता देशोदेशी व्यापार करतात. तेथील कायदे आपल्या सवयींहून भिन्न असतील आणि बदलतही राहतील. “परवानगी आहे काय?” हा प्रश्न ती वकिलाला विचारतीलच. “या मालाचा शेवटचा ग्राहक कोण, आणि त्याच्या घरी काय पोहोचते?” हा दुसरा प्रश्न वकिलाच्या कागदावर नसतो. तो घरातच, जेवणानंतर, सर्वांसमक्ष विचारावा लागतो; आणि मुलाचे उत्तर आपल्याहून वेगळे असले, तरी ते पुरते ऐकून घ्यावे लागते.