कांशाचं ताट आणि आमचं भजनी मंडळ



पर्युषण जवळ आलं की दळण, निवडण आणि भजनाच्या वह्या अशी तिन्ही कामं एकदमच निघतात. आमचं मंडळ लहानसं, आठ बायका आणि चार मुली. शिकलेलं कुणीच नाही. दिवस असतानाच जेवणं आटोपलेली असतात, त्यामुळे सात ते आठ हा तास मोकळा मिळतो. वयस्क काकूंना काळी तीन सोयीची, मुलींना काळी पाच हवी. शेवटी काळी चारवर सगळ्यांची समजूत निघते.

मागच्या वर्षी आम्ही वर्गणी काढून ढोलक आणला. माझी लेक बारा वर्षांची. केरव्याच्या आठ मात्रा तिने चार दिवसांत बसवल्या. पाचव्या दिवशी ढोलकावर हात ठेवून म्हणाली, "आई, हे कातडं कशाचं गं?"

बकऱ्याचं. मला माहीत होतं, पण मी तो विचार कधी मनात येऊच दिला नव्हता. बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर मीच तिला वाचायला शिकवलं. शाळेसाठी चामड्याचा पट्टा घेऊ दिला नाही. आणि अहिंसेची भजनं कातड्यावर थाप मारून म्हणायची? त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही.

मंडळात दोन तट पडले. एक काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं वाजतोच आहे, कुणी काही म्हटलं नाही." दुसऱ्या म्हणाल्या, "आता कळलंय ना? मग नको." आम्ही फायबरची पुडी बसवून पाहिली. आवाज डब्यासारखा आला. तेवढ्यात पेटी दुरुस्तीला गेली. कारागिराने ती उघडून दाखवली, तर पट्ट्यांखालच्या झडपांनाही मऊ कातडं! मी खजील झाले. ढोलकाला नावं ठेवताना पेटी मात्र डोळे मिटून वाजवत होते.

मैत्रिणींनो, आपण राहतो ते पोहरादेवीत. इथे नगारा म्हणजे बंजारा समाजाचा प्राण. 5 ऑक्टोबर 2024 ला इथे उघडलेल्या बंजारा विरासत संग्रहालयालाही नगाऱ्याचंच नाव आहे. रामनवमीच्या यात्रेत त्याचा आवाज घरात ऐकू येतो. ज्यांची श्रद्धा त्या नगाऱ्यात आहे, त्यांना मी काय शिकवणार? आपला नियम आपल्यापुरता.

शेजारच्या तांड्यातली आजी, जिला आम्ही सगळे याडी म्हणतो, दुपारी ताक न्यायला आली होती. तिला मी हे सांगितलं. ती हसली. म्हणाली, "नगाऱ्यासोबत थाळीपण वाजते बाई. तिला कुठं कातडं?" आणि मांडणीवरचं सासूबाईंचं कांशाचं ताट उचलून तिने लाकडी काडीने ठेका धरला. काठावर बारीक, मधे भरीव. लेक तिथेच मांडी घालून बसली.

आता ताट, झांजा आणि टाळ्या यांवर आमचं भजन चालतं. पेटीला कारागिराने कातड्याऐवजी फेल्ट लावून दिलं. थोडी हवा निसटते, भाता जास्त हलवावा लागतो. ढोलक परत दिला नाही. दुसऱ्या कुणाला दिला तर दोष फक्त हात बदलेल असं वाटलं, म्हणून कापडात बांधून माळ्यावर ठेवलाय. हे बरोबर की चूक, अजून ठरलेलं नाही.

सूर आमचे अजूनही चुकतात. पण सुतकात आठ दिवस भजन बंद राहिलं, तेव्हा मुलीच विचारायला आल्या, "काकू, कधी बसायचं?"

तुमच्या मंडळात काय वाजतं? एकदा उलटून, आतून बघा. रागावण्यासाठी नाही, माहीत असावं म्हणून. आणि घरात जुनं कांशाचं ताट असेल तर मोडीत घालू नका.