पंख्याचं विमान

आमच्या धंद्यात विमानाच्या आकारावरून वैमानिकाची किंमत करायची जुनी खोड आहे. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगी एअरबस चालवते’ म्हटलं की मंडळी सावरून बसतात. ‘एटीआर चालवते’ म्हटलं की कुणीतरी हमखास विचारतं, ‘म्हणजे ते पंख्याचं?’ बाहेरच्यांचं एक वेळ सोडा, पण फ्लाइंग स्कूलमधून नुकती बाहेर पडलेली मुलंही हाच तराजू घेऊन फिरतात. बारामतीला नाहीतर गोंदियाला दोनशे तास पुरे केलेले असतात, डीजीसीएचे पेपर, मेडिकल आणि रेडिओचं लायसन्स पदरात पडलेलं असतं, घरच्यांची आयुष्यभराची पुंजी त्यात गेलेली असते. मग फोन येतो. ‘मॅडम, रीजनलची ऑफर आहे. घेऊ, की एअरबससाठी थांबू?’

मी एटीआरच्या डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर बसते, त्यामुळे माझं उत्तर एकतर्फी असणार हे विचारणाऱ्याला ठाऊकच असतं. तरीही मी ‘घे’ असं सरळ म्हणत नाही. ‘घे, पण काय विकत घेतोयस ते नीट बघून घे,’ असं म्हणते.

आकाराचा तोरा मिरवताना आपण आपलं मूळ विसरतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा पस मॉथ हे एका इंजिनाचं चिमुकलं विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. लंडनची डाक इंपीरियल एअरवेजची मोठी विमानं कराचीपर्यंत आणून टाकत, आणि तिथून पुढे ती पोचवायचं काम टाटांचं होतं. आजच्या भाषेत ती रीजनल फ्लाइटच. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता–सिल्चर मार्गावर संपूर्ण महिला क्रू घेऊन विमान नेलं, तेही फॉकर फ्रेंडशिप, म्हणजे पंख्याचंच.

आता विमानाविषयी. एटीआर ७२ सत्तरएक माणसं घेतं, वजन भरून तेवीस टनांच्या आसपास जातं आणि ताशी पाचशे किलोमीटरच्या आगेमागे चालतं. त्याला ऑटो-थ्रॉटल नाही. जेटवर संगणक स्वतः इंजिनाची ताकद कमीजास्त करून वेग धरून ठेवतो, इथे अप्रोचभर ते काम माझ्या हाताचं. पंखे मागून पाहिले तर घड्याळाच्या दिशेने फिरतात, त्यामुळे पॉवर वाढवली की नाक डावीकडे ओढ घेतं आणि उजवा पाय आपोआप पुढे जावा लागतो. पॉवर कमी केली की उलटं. जेटवरून आमच्याकडे आलेले लोक पहिले काही दिवस पाय गुंडाळून बसल्यासारखे बसतात. मग ट्रेनिंग कॅप्टन शांतपणे म्हणतो, ‘बॉल कुठे आहे बघा.’ विमान तिरकं सरकतंय हे दाखवणारी ती छोटी खूण नव्या वैमानिकाचं सगळं गुपित फोडते.

जमिनीवरही त्याचे नखरे आहेत. जेटच्या शेपटीत वीज आणि थंड हवेसाठी एक छोटं जादा इंजिन असतं, एटीआरला ते नाही. त्याऐवजी उजव्या बाजूचा पंखा ब्रेक लावून जखडतात आणि इंजिन तसंच चालू ठेवतात. याला आम्ही हॉटेल मोड म्हणतो. प्रवासी मागच्या दाराने चढतात, म्हणून सगळं वजन शेपटीकडे जाऊन विमान मागे टेकू नये यासाठी शेपटीखाली टेकू लावतात. तो काढला का, हे बघणं चेकमध्ये असतं. अशा बारीक गोष्टी दिवसातून चार-पाच वेळा कराव्या लागतात आणि त्यातूनच सवय हाडात मुरते.

मग हवा. मोठी जेट विमानं पस्तीस हजार फुटांवरून जातात, बहुतेक ढग त्यांच्या खाली राहतात. एटीआरची कमाल उंची पंचवीस हजार, आणि तासाभराच्या फेरीत आम्ही बहुधा सोळा ते वीस हजारांवर असतो. पावसाळ्यात आपल्याकडची गोठणरेषा साधारण त्याच पट्ट्यात असते. म्हणजे जून ते सप्टेंबर सह्याद्री ओलांडताना आम्ही ढगाच्या पोटातूनच जातो आणि पंखांच्या कडेवर बर्फ धरतोय का, यावर डोळा ठेवावा लागतो. कडेवरचे रबरी पट्टे हवेने फुगवून तो बर्फ फोडतात. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ बर्फामुळेच कोसळलं आणि ६८ माणसं गेली. त्यानंतर हे पट्टे मोठे केले, नियम कडक केले. हा इतिहास आम्हाला सिम्युलेटरमध्ये पाठ करून घेतात. जूनमध्ये घाटावर काचेच्या वायपरजवळ पांढरी रेघ दिसली की तो पाठ आपोआप आठवतो.

पहिल्या नोकरीत नवा वैमानिक लॉगबुकातला तासांचा रकाना मोजतो. मी त्याला शेजारचा, लँडिंगचा रकाना बघायला सांगते. कायद्याने वर्षाला जास्तीत जास्त हजार तास उडता येतं. समजा, आठशे तास झाले आणि फेरी सरासरी तासाची धरली, तर कॉकपिटातल्या दोघांच्या वाट्याला वर्षभरात आठशेच्या आसपास लँडिंग आली. बारा-चौदा तासांची लांब पल्ल्याची विमानं नेणाऱ्यांना मात्र नव्वद दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग हा किमान नियम पुरा करायला कधी कधी सिम्युलेटरमध्ये जावं लागतं. अर्थात आठशेच्या आठशे नवशिक्याच्या हाती येत नाहीत. अननुभवी फर्स्ट ऑफिसरला लँडिंग देण्याची मुभा ठरावीक कॅप्टननाच असते, आणि पावसाळी हवेत किंवा अवघड रनवेवर उतरवायचं ते कॅप्टननंच. पण शेजारी बसून बघितलेलं लँडिंगही शिकवतंच, कारण त्याआधीचा अर्धा तास निर्णयांचा असतो. इंधन किती उरलं, अल्टरनेट कुठलं, वारा फिरला तर काय, हे दोघांनी मिळून बोलायचं असतं.

आमचे रनवेही शिकवतात. लक्षद्वीपच्या अगत्तीला जेमतेम बाराशे मीटरची पट्टी आहे आणि दोन्ही टोकांना समुद्र. तिथे किती वजन घेऊन उतरायचं आणि किती घेऊन निघायचं, हा हिशेब रोज नव्याने होतो. कधी प्रवासी कमी करावे लागतात, कधी सामान मागे ठेवावं लागतं. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळिसावर गेला की हवा विरळ होते आणि कालच्याच रनवेवर कालचंच वजन जड पडतं. सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालं. ते सड्यावर आहे. समुद्रावरून येणारा पाऊस सड्यावर असा उतरतो की पाच मिनिटांपूर्वी दिसणारा डोंगर नाहीसा होतो.

अशाच एका पावसात, मी फर्स्ट ऑफिसर असताना, कोकणातल्या एका विमानतळावर आम्ही ठरलेल्या किमान उंचीपर्यंत उतरलो. समोर रनवे नव्हता, नुसता राखाडी पडदा. कॅप्टननी गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर नेलं, थोडा वेळ घिरट्या घातल्या, पुन्हा प्रयत्न केला आणि मग मुंबईला परत. उतरताना एका आजींनी मला दारातच अडवलं. ‘गो बाय, माका खाली माड दिसत होते, मगे तुमका कशे दिसाक नाय?’

आजी खरंच बोलत होत्या. त्यांना खिडकीतून सरळ खाली, काहीशे फुटांचा पाऊस भेदून माड दिसत होते. आम्हाला तिरकं, समोर, दोन-तीन किलोमीटरचा पाऊस भेदून रनवे दिसायला हवा होता. तेवढ्यात मागून एक गृहस्थ म्हणाले, ‘मोठं विमान असतं तर उतरलं असतं.’ त्यांचंही अर्धं खरं होतं. मोठ्या विमानतळावर आयएलएस असतं, रेडिओच्या लहरींवरून ते विमानाला रनवेच्या तोंडाशी दोनशे फुटांपर्यंत आणून सोडतं. लहान गावच्या रनवेला ते बहुधा नसतं, म्हणून आमची किमान उंची जास्त असते. फरक रनवेच्या सोयींचा होता. आजींना मी हे सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मगे आता एसटी कितीक वाजता?’

दिवसाला एकच फेरी असलेल्या गावाहून रिकाम्या हाताने परतणं जड जातं. विमानात लग्नाला निघालेले असतात, दवाखान्यातून घरी निघालेले असतात, कंपनीचा तोटा वेगळाच. या सगळ्याच्या वजनाखाली ‘नाही’ म्हणायला शिकायचं, हे या नोकरीचं खरं शिक्षण आहे. मेट्रो शहराच्या रनवेवर तशी वेळ क्वचित येते. आमच्याकडे पावसाळ्यात ती पुन्हा पुन्हा येते, आणि दरवेळी शेजारी एखादा अनुभवी माणूस असतो. माझ्या वेळचे एक कॅप्टन गो-अराउंडनंतर प्रवाशांसाठीची घोषणा मुद्दाम मला करायला लावत. म्हणत, ‘निर्णय लोकांना नीट सांगता आला, तर तो नीट घेतलाय असं समज.’ कंपनी लहान, क्रू मोजका, त्यामुळे त्यांच्याबरोबर महिन्यात अनेकदा रोस्टर जुळायचं. मोठ्या एअरलाइनमध्ये हजारो वैमानिक असतात आणि एक कॅप्टन पुन्हा वर्षभर भेटत नाही. गुरू इतक्या जवळून मिळणं हा लहान कंपनीचा फायदा जाहिरातीत कुठेच नसतो.

आता किंमत. रीजनल एअरलाइनचा इतिहास तिच्या आर्थिक ताकदीबद्दल फारसा भरवसा देत नाही. १९८१ साली सुरू झालेलं सरकारी वायुदूत नव्वदच्या दशकात मिटलं. एअर डेक्कनने २००३ साली स्वस्त तिकिटांनी देशाला वेड लावलं आणि काही वर्षांतच ती किंगफिशरमध्ये विलीन झाली. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेची पहिली विमानं उडाली. शिमला–दिल्लीबरोबर नांदेड–हैदराबादही त्याच दिवशी सुरू झालं. नांदेडची ती फेरी चालवणारी ट्रूजेट पाच वर्षांत थांबली. उडानमध्ये सरकार तोट्याची भरपाई देतं, पण तीन वर्षंच. कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत आणि सवलतीची मुदत संपल्यावरही चालू राहिलेले मार्ग ५४ होते. कंपनी बुडाली, तर एटीआरचं रेटिंग घेऊन दार ठोठावायला देशात मोजक्याच जागा आहेत, एअरबसवाल्याला त्याहून जास्त. परदेशी कंपन्या अनेकदा जेटचेच तास मागतात. नोकरी सोडायची, तर नियमाने फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस द्यावी लागते. त्यावर ट्रेनिंगचा बाँड.

पैशांची ही चणचण सुरक्षेपर्यंतही पोचू शकते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं पंख्याचंच विमान पडलं. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत असल्याचा इशारा आल्यावर कॅप्टनने नाक खाली घेण्याऐवजी वर ओढलं होतं. त्यानंतरच्या चौकशीत रीजनल वैमानिकांचा तुटपुंजा पगार आणि थकवा चव्हाट्यावर आला. तिथे २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही बहुधा दीड हजार तास लागतात. आपल्याकडे दोनशे तासांचा मुलगा उजव्या सीटवर बसू शकतो. १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमध्ये पोखरा इथे फ्लॅपऐवजी पंख्यांचे लिव्हर ओढले गेले, दोन्ही पंख्यांची ओढ संपली आणि एटीआरमधले ७२ जण गेले. लिव्हर कुठला, हे हाताला आपोआप कळावं इतकं प्रशिक्षण मिळतंय की नाही, यावर या विमानात सगळं अवलंबून असतं.

म्हणून फोनवर मी पगाराची चौकशी सर्वात शेवटी करते. आधी काही प्रश्न देते आणि मुलाखतीआधी उत्तरं शोधून आण म्हणते. कंपनीकडे विमानं किती, आणि त्यातली आज उडणारी किती? हँगरमध्ये उभं विमान सुटे भाग पुरवायला ठेवलेलं असेल, तर सांभाळून. मार्ग कुठले, आणि सरकारी भरपाई संपल्यावर त्यांवर कोण बसणार? पगार तारखेला होतो का? हे तिथल्या टेक्निशियनला विचारायचं, तो आडपडदा ठेवत नाही. मागच्या पावसाळ्यात किती फेऱ्या परत आल्या, आणि परत आणणाऱ्या कॅप्टनला ऑफिसात बोलावून जाब विचारला गेला का? जिथे जाब विचारतात, तिथली नोकरी फुकटसुद्धा घेऊ नये. आणि ट्रेनिंग कॅप्टन किती वर्षं टिकून आहेत? ते दर सहा महिन्यांनी बदलत असतील, तर तुला शिकवणार कोण?

या प्रश्नांची उत्तरं बरी आली, तर मी म्हणते, घे. तीन-चार वर्षं मन लावून काढ. त्यात दीड हजार तास होतील, एटीपीएल, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स होईल, पुढे कॅप्टनचा चौथा पट्टाही लवकर मिळू शकेल. तेव्हा जेटची ऑफर आली तर अवश्य जा, पाय विमान उडवायला शिकलेले असतील. उत्तरं बरी आली नाहीत, तर थांब. थांबण्याच्या काळात एखाद्या फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर हो, पण तिथेही हेच प्रश्न आधी विचार.